दिव्यांगत्व, स्वमग्नता आणि धार्मिक धारणा (सातारा-सांगली)

मूल उशिरा बोलते, हाक मारली तरी वळून बघत नाही, एकच खेळणे तासन्‌तास फिरवत बसते. याचे कारण कर्म, कोप, करणी किंवा राहून गेलेला नवस यांत शोधण्याची रीत सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांत जुनी आहे. ‘कुलदैवताचं काही राहिलंय का?’ हा प्रश्न अनेक घरांत डॉक्टरांच्या आधी विचारला जातो. मग अंगारा, उतारा, गंडादोरा सुरू होतो.

या धारणेची एक ठळक कथा सांगली जिल्ह्यातच घडते. ‘गुरुचरित्रा’च्या सतराव्या अध्यायात करवीरचा एक मंदमती, पोरका ब्राह्मणपुत्र येतो. विद्या येत नाही म्हणून लोक त्याची निंदा करतात. तो भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात उपाशी बसतो, शेवटी स्वतःची जीभ कापून देवीला वाहतो. देवी त्याला कृष्णेच्या पैलतीरी, औदुंबराला नृसिंहसरस्वतींकडे पाठवते. त्यांचा हात मस्तकी पडताच जीभ परत येते आणि तो विद्वान होतो. कथेत करुणा आहे, आसरा आहे. पण बदलतो तो मुलगा. त्याला जीभ कापण्यापर्यंत नेणारे लोक बदलत नाहीत. आजही दर गुरुवारी दर्शनाला येणाऱ्या आईबापांची आशा याच वळणाची असते: मूल ‘बरं’ व्हावे.

वारकरी परंपरेतली कूर्मदासाची कथा निराळी आहे. हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून पंढरीला निघतो आणि लऊळला थकून थांबतो. तिथे विठ्ठलच त्याच्या भेटीला येतो. कूर्मदासाला हातपाय फुटत नाहीत, तरी भेट उणी ठरत नाही. लोणंद, फलटणवरून जाणाऱ्या पालखीच्या मुलखात ही कथा अधिक सांगितली जायला हवी.

दोष बहुधा आईच्या पदरात पडतो. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, विळीला हात लावला, म्हणून मूल असे झाले, हे तिला आयुष्यभर ऐकावे लागते. हा समज झुगारून 21 जून 2020 च्या सूर्यग्रहणात इस्लामपूरच्या एका गर्भवतीने अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसमोर भाजी चिरली, फळे कापली, अन्नपाणी घेतले आणि ग्रहणही पाहिले. आईला दोषी धरणे ही केवळ धर्माची मिरास नाही. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या मध्यात काही मानसतज्ज्ञ आईच्या कोरडेपणामुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते असे सांगत. ते पुढे चूक ठरले. स्वमग्नता हे मेंदूच्या विकासातले वेगळेपण आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. पापाचा किंवा ग्रहणाचा नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे त्याने गुन्हे ठरवले. मंदबुद्धीच्या व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचे भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. ‘देवाचं लेकरू’ म्हणून ज्यांच्यापुढे पैसे ठेवले जातात, अशा मुलांसाठी हे कलम फार मोलाचे आहे.

देवाला नवस बोलणे हा गुन्हा नाही, आणि श्रद्धेने अनेक आयांना तग धरायला बळही दिले आहे. नुकसान होते ते देवरुष्याच्या फेऱ्यांत वर्षे निघून जातात तेव्हा, कारण वाचा-उपचार लहान वयात सुरू झाले तर त्यांचा उपयोग अधिक होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. दीड-दोन वर्षांचे मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर पालकांनी आधी त्याचे कान तपासून घ्यावेत आणि बालरोगतज्ज्ञांना विकासाची तपासणी करायला सांगावे.