कॉक्लिअर इम्प्लांट : इतिहास काय सांगतो आणि पंधरा-सोळाव्या वर्षी निर्णय कसा घ्यावा?

"डॉक्टर, मुलगा जन्मापासून ऐकत नाही. आता दहावीला आहे. ते कानात बसवायचं मशीन बसवलं तर बोलेल का?" शेलू-नेरळ-कर्जत पट्ट्यातले पालक हा प्रश्न बऱ्याचदा विचारतात. बहुतेकांनी मोबाईलवर एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो. लहान बाळाचं मशीन पहिल्यांदा सुरू होतं, बाळ दचकतं, हसतं आणि आई रडते. व्हिडिओ खरा असतो, पण ते बाळ वर्ष-दीड वर्षाचं असतं.

हे यंत्र कोणासाठी तयार झालं, ते आधी पाहू.

बॅटरीचा शोध लावणाऱ्या व्होल्टा यांनी स्वतःच्याच दोन्ही कानांत धातूच्या सळ्या घालून विजेचा प्रवाह सोडला. डोक्यात जोराचा झटका बसला आणि काहीतरी घट्ट रटरटत उकळावं तसा आवाज आला. १८०० साली त्यांनी हे लिहून ठेवलं. (घरी करून पाहू नये, हे सांगायला नकोच.) विजेने ऐकू येतं एवढं त्यातून कळलं. पुढे २५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिए यांनी एका पूर्ण बहिऱ्या झालेल्या माणसाच्या श्रवणाच्या नसेजवळ तार बसवली. त्याला रातकिड्यांसारखे आवाज येऊ लागले, सरावाने थोडे शब्दही ओळखता आले. मात्र यंत्र लवकरच बंद पडलं. १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम हाऊस यांनी असेच प्रयोग सुरू केले. १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅमी क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोड असलेलं यंत्र बसवलं, तेही अपघातात ऐकू येणं गेलेल्या माणसाला.

यातली मेख अशी की हे सुरुवातीचे रुग्ण आधी ऐकत होते, बोलत होते. त्यांच्या मेंदूत भाषेचे आवाज साठवलेले होते, यंत्राने फक्त तुटलेली वाट जोडली. १९८४ साली अमेरिकेत पहिली सरकारी मान्यता मिळाली ती प्रौढांसाठी. दोन वर्षांपुढच्या मुलांना ती १९९० मध्ये मिळाली. मग लक्षात आलं की जन्मतः बहिऱ्या मुलांमध्ये जितक्या लवकर ऑपरेशन, तितका फायदा जास्त. साधारण साडेतीन वर्षांच्या आत उत्तम, सातनंतर बराच कमी. मेंदूतल्या ऐकण्याच्या भागाला आवाज मिळाला नाही, तर तो भाग पाहण्यासारख्या इतर कामांना जुंपला जातो.

म्हणून दहावीतल्या त्या मुलाला हॉर्न, दाराची बेल, कुकरची शिट्टी ऐकू येईल. पण ओठ न पाहता वाक्य समजणं आणि स्पष्ट बोलणं बहुतेकदा फारसं जमत नाही. काही मुलं कंटाळून यंत्र काढून ठेवतात. लहानपणापासून श्रवणयंत्र वापरून थोडंफार ऐकत-बोलत आलेल्या मुलाचं गणित वेगळं, त्याला चांगला उपयोग होऊ शकतो. मेंदूज्वराने ऐकू येणं गेलं असेल तर मात्र एक आठवडाही विचारात घालवू नका. आतल्या कानात हाड भरत जातं आणि मग इलेक्ट्रोड सरकवायला जागाच राहत नाही.

इतिहासाची दुसरी बाजू डॉक्टर मंडळी सहसा सांगत नाहीत. १८८० साली मिलान इथल्या परिषदेत शिक्षकांनी ठराव केला की बहिऱ्या मुलांना तोंडी बोलूनच शिकवावं, खुणांनी नको. मत देणाऱ्यांत बहिरे जवळपास नव्हतेच! मुंबईत बहिऱ्यांची पहिली शाळा निघाली ती याच दशकात. आपल्याकडच्या शाळांतही पुढे बराच काळ बोलण्यावरच भर राहिला आणि मुलं खुणा शिकली ती एकमेकांकडून. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने मुलांना इम्प्लांट बसवण्यावर टीका केली. लोकांना ती विचित्र वाटली, पण तिच्यामागे शंभर वर्षांचा राग होता. २००० साली त्यांनी भूमिका सौम्य केली. मिलानच्या ठरावाबद्दल २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत खेद व्यक्त झाला.

दोन वर्षांच्या बाळाला विचारता येत नाही, पंधरा वर्षांच्या मुलाला येतं. कायद्याने सही पालकांची चालते. तरी ज्याला रोज ते यंत्र घालून शाळेत जायचं आहे तो "नको" म्हणत असेल, तर माझ्या मते ऑपरेशन करू नये. त्याला खुणांच्या भाषेतून, दुभाष्या लागला तर तो घेऊन, सगळं समजावून सांगा. यंत्र वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या, अशा दोन्ही मोठ्या मुलांशी त्याची भेट घडवा. इम्प्लांट केलं तरी खुणांची भाषा बंद करायची गरज नाही.

खर्चाचंही बोलू. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मदत मिळते, पण जन्मतः बहिऱ्यांसाठी वयाची अट ५ वर्षांची आहे. नंतर ऐकू येणं गेलेल्यांना १८ पर्यंत. नियम बदलत असतात, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत विचारून घ्या. ऑपरेशननंतर मॅपिंग, म्हणजे यंत्राचं वारंवार जुळवणं, आणि महिनोन्‌महिने ऐकण्याचा सराव असतो. शेलूहून दादर, तिथून गाडी बदलून वांद्रे, म्हणजे मुलाची शाळा आणि एका पालकाचा रोज बुडतो. बॅटरी, केबल, पुढे कधीतरी नवा प्रोसेसर हा खर्च चालूच राहतो. ऑपरेशनआधी न्यूमोकोकल लस घ्यावी लागते, कारण इम्प्लांट असलेल्यांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो. त्या कानात उरलेलं ऐकणंही जाऊ शकतं.

तपासणीला जाताना लहानपणापासूनचे सगळे ऑडिओग्राम आणि जुनं श्रवणयंत्र, बंद पडलेलं असलं तरी, सोबत न्या. किती वर्षं आणि रोज किती तास वापरलं, हे ऑडिओलॉजिस्ट पहिल्यांदा विचारतील.