नळदुर्गचे सांडवे आणि उजनीचे दरवाजे

आदिलशाही म्हटले की बहुतेकांना लढायाच आठवतात. मला मात्र बोरी नदीवरचे एक धरण आठवते.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघालो की पाऊण-एक तासात नळदुर्ग येते. पावसाळ्यात किल्ल्यातले ‘नर’ आणि ‘मादी’ धबधबे पाहायला मोठी गर्दी होते. हे धबधबे म्हणजे धरणाचे सांडवे आहेत, हे थोड्यांच्याच ध्यानात येते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, मीर इमादीनने हे दगडी धरण बांधले. नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ किल्ला त्याने जोडले गेले. धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. दोन्ही बाजूंनी पाणी कोसळत असते आणि आत माणूस कोरडा उभा राहतो.

या धरणाची सुरक्षितता सांडव्यांत आहे. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की आपोआप वाहून जाते. दरवाजा नाही, उघडणारा माणूस नाही, हुकमाची वाट पाहणे नाही.

1980 मध्ये पूर्ण झालेल्या भीमेवरच्या उजनीचे गणित वेगळे. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, सांडव्याला 41 दरवाजे. पुण्याकडच्या धरणांतून सुटलेले पाणी दौंडवरून उजनीत येते. खाली नीरा नरसिंहपूरला वीर धरणाचे पाणी नीरेतून भीमेत मिसळते आणि दोन्ही मिळून पंढरपूर गाठतात. म्हणून दरवाजे किती आणि केव्हा उघडायचे, हे वरची आवक आणि खालचा पूर दोन्ही पाहून ठरवावे लागते. लवकर सोडले आणि पाऊस ओढला, तर उन्हाळ्यात सोलापूरचे नळ कोरडे. उशीर झाला, तर नदीकाठच्या वस्त्या पाण्यात.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटले आणि पुणे बुडाले. देशाला धरण सुरक्षा कायदा मिळायला त्यानंतर 2021 साल उजाडले. त्या कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी बंधनकारक केली आहे.

नळदुर्गचा आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण मीर इमादीनचे नाव घेऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. दगडाच्या सांध्यात रोप रुजले तर ते वेळीच उपटावे लागते, दरवाज्याला वंगण लागते, नदीकाठच्या माणसापर्यंत इशारा वेळेत पोचावा लागतो. उजनीची तपासणी झाली का, त्यात काय आढळले, हे विचारण्याचा हक्क भीमेकाठच्या प्रत्येकाला आहे. तो आपण वापरला पाहिजे.