सिग्नलची ताकद आणि सिग्नलचा दर्जा

पावसाळी ढग दाटून आले की डीटीएचवरील चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागतात, आवाज तुटतो आणि काही क्षणांत पडदा काळा होतो. ग्राहक सेट टॉप बॉक्सचा मेनू उघडून पाहतो, तर ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी बरीचशी भरलेली असते. मग दोष कोठे? त्याचे उत्तर शेजारच्या ‘क्वालिटी’च्या पट्टीत असते.

विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहाकडून येणारा सिग्नल अत्यंत क्षीण असतो. डिशची वक्र तबकडी तो एलएनबीच्या तोंडाशी एकवटते. केयू बँडमधील हा सिग्नल एलएनबीमध्ये प्रवर्धित होतो आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवून केबलद्वारे बॉक्सकडे धाडला जातो. मात्र सिग्नलबरोबर नॉइज, म्हणजे विद्युत गोंगाटही वाढतो. ‘स्ट्रेंग्थ’ ही या दोहोंची बेरीज होय. म्हणूनच डिश रिकाम्या आकाशाकडे वळवली तरी ही पट्टी बहुधा शून्यावर येत नाही. ‘क्वालिटी’ मात्र येते.

दर्जा ठरतो तो सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरावर. ते डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबलची घट म्हणजे शक्ती निम्मी. दुसरे माप चुकीच्या बिटांचे. डीव्हीबी-एस मानकानुसार चूक-दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यानंतर १०,००० बिटांमागे २ चुकांपर्यंत चित्र निर्दोष राहते. २००५ मधील डीव्हीबी-एस२ मानकाच्या ८पीएसके, ३/४ या पद्धतीत हे गुणोत्तर किमान ७.९ डेसिबलच्या आसपास लागते. जुन्या अॅनालॉग चित्रात आधी मुंग्या दिसत. डिजिटल चित्र मात्र मर्यादा ओलांडली जाईपर्यंत स्वच्छ असते आणि मग एकाएकी कोसळते.

त्यामुळे खरे महत्त्व मर्यादेवर उरलेल्या राखीव अंतराला आहे. निरभ्र दिवशी १२ डेसिबल मिळत असतील, तर मुसळधार पावसात ४ डेसिबलची घट कशीबशी सोसते. ६० सेंटिमीटरची डिश नेमक्या दिशेपासून दीड अंश जरी ढळली, तरी सुमारे ३ डेसिबल तेथेच खर्ची पडतात. उन्हाळ्यात हा दोष जाणवत नाही. जूनमध्ये तो उघडा पडतो.

मुंबईतून ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ उपग्रहाकडे पाहायचे, तर डिश आग्नेयेस, उत्तरेपासून सुमारे १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंच हवी. आधी दिशा, मग उंची आणि शेवटी एलएनबीचा कोन, या क्रमाने ‘क्वालिटी’ सर्वाधिक होईपर्यंत जुळवणी करावी. बोल्ट आवळतानाही आकड्यावर नजर ठेवावी. कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे का, हेही तपासावे.

बॉक्सवरील टक्केवारीला सर्वमान्य प्रमाण नाही. प्रत्येक उत्पादकाची मोजपट्टी निराळी. शेजाऱ्याच्या ८० टक्क्यांशी आपल्या ७० टक्क्यांची तुलना व्यर्थ होय. तंत्रज्ञाला डेसिबल दाखवणाऱ्या मीटरवर मोजणी करण्यास सांगावे आणि निरभ्र दिवसाचा, त्याच वाहिनीचा आकडा टिपून ठेवावा. पुढच्या वेळी चित्र फाटले, तर दोष ढगांचा की डिशचा, हे तो आकडाच सांगेल.