चक्क्याचं पाणी कुणाच्या वाट्याला?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिखित अवतार. बोलताना घसरलेली वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी सगळं तेच.

गोष्ट पाडव्याची. पुण्यातल्या फ्लॅटवर मी पहिल्यांदाच घरी श्रीखंड करत होतो. रात्रभर दही टांगून ठेवलं, सकाळी खालच्या पातेल्यात लिटरभर पिवळट-हिरवट पाणी साठलं होतं. मी ते सरळ सिंकमध्ये ओतलं. आजी गावाहून आली होती, ती मागेच उभी होती. म्हणाली, "अरे, ओतलंस? सगळं?"

ओट्यावर शेजारीच माझा प्रोटीन पावडरचा डबा होता. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'व्हे'. व्हे म्हणजे तेच पाणी. पगारातले काही हजार देऊन मी जे विकत आणतो, त्याचंच भावंडं मी गटारात सोडलं होतं. मला वाटलं, एपिसोड तयार झाला! 'आजीला सगळं माहीत होतं' टाइपचा. पण शोधायला बसलो आणि गोष्ट वेगळीच निघाली.

सुरुवात बरीच मागून करू. वैदिक यज्ञांमध्ये वैश्वदेव नावाचं एक पर्व आहे. त्यात तापलेल्या दुधात दही घालतात, दूध फाटतं. घट्ट भाग म्हणजे आमिक्षा, तो विश्वेदेवांना. उरलेलं पाणी म्हणजे वाजिन, ते वाजी नावाच्या देवतांना. पुढे मीमांसकांनी यावर चक्क वाद घातला: दुधात दही घालायचं ते नक्की कशासाठी? दोन्हींसाठी, की फक्त आमिक्षेसाठी? निर्णय असा लागला की हेतू आमिक्षा, वाजिन आपोआप तयार होतं. म्हणजे वाजिन वाया गेलं, तर त्याच्यासाठी पुन्हा दूध फाडायची गरज नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर आमिक्षा हे आउटपुट, वाजिन हा साइड इफेक्ट. 'बायप्रॉडक्ट' या कल्पनेवर इतक्या जुन्या काळी इतका बारीक विचार झालेला बघून मी खुर्चीत सरळ बसलो.

आयुर्वेदात दह्यावरच्या पाण्याला 'मस्तु' म्हणतात आणि त्याचे गुण वेगळे सांगितलेत. तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्यही पोट साफ करायला व्हे द्यायचे. स्वित्झर्लंडमधल्या गाइस या गावात तर 1749 पासून व्हे पिण्याचे उपचार सुरू झाले. डोंगरावरून बकरीच्या दुधाचं गरम व्हे खाली यायचं आणि श्रीमंत पाहुणे ते पेले भरभरून प्यायचे. पुढे युरोपात याची फॅशनच आली.

पण हे झालं श्रीमंतांचं. चीज करणाऱ्यांच्या घरी काय व्हायचं? साधारण 10 लिटर दुधातून किलोभर चीज निघतं आणि 9 लिटर पाणी उरतं. इतक्या पाण्याचं करायचं काय? इटलीत ते पुन्हा तापवून त्यातून रिकोटा काढायचे. रिकोटा या शब्दाचा अर्थच 'पुन्हा शिजवलेलं'. बाकीचं डुकरांना. नॉर्वेत ते आटवून आटवून तपकिरी चीज करायचे. 1863 च्या सुमारास आने हौव नावाच्या तरुणीने त्यात साय घातली आणि आजचं प्रसिद्ध ब्रूनोस्ट जन्माला आलं. सायीचं श्रीमंत लोणी बाजारात, उरलेल्या पाण्यातून घरच्यांचं जेवण, अशी जी वाटणी चालत आली होती, ती तिने थोडी मोडली.

विसाव्या शतकात कारखाने मोठे झाले, डुकरं पुरेनात. मग व्हे नदीत. इथे एक आकडा ऐका. पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, याला बीओडी म्हणतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम, व्हेचा 30,000 च्या वर. कारण त्यात साखर असते, लॅक्टोज. जीवाणू तिच्यावर तुटून पडतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. कायदे कडक होऊ लागले, अमेरिकेत 1972 चा स्वच्छ पाण्याचा कायदा आला. त्याच सुमारास अतिसूक्ष्म गाळणी, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन, डेअऱ्यांमध्ये पोचलं. पाणी आणि साखर गाळणीतून पलीकडे, प्रथिनं अलीकडे. वाळवा, चॉकलेटचा स्वाद घाला, डब्यात भरा. माझ्या डब्यामागे अशी एक कचऱ्याची अडचण आहे.

आता आजीकडे. मी उत्साहाने तिला म्हटलं, "आजी, तू तर लहानपणापासून प्रोटीन शेक पीत होतीस!" ती हसली नाही. म्हणाली, "लग्न होऊन आले आणि पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ. दूध विकायचं. सणाला चक्का झाला तर तो पाहुण्यांना, मग पुरुषांना. पाणी सुनांना. त्यात भाकरी कुस्करायची. आवडायचं म्हणून कोण पीत होतं?"

मी हिशोब करून बघितला. चीजच्या कारखान्यातल्या व्हेमध्ये 100 मिलिलिटरला एक ग्रॅमपेक्षा कमीच प्रथिन असतं. माझ्या एका स्कूपइतकं, म्हणजे 24 ग्रॅम, मिळवायला तीन लिटर प्यावं लागेल. घरच्या पाण्यात तर त्याहून कमी, कारण आपण दूध उकळतो. उकळताना व्हेची प्रथिनं केसीनला चिकटतात आणि चक्क्यातच राहतात. म्हणजे प्रथिन पाहुण्यांच्या वाटीत गेलं होतं. आजीच्या वाट्याला पेलाभर पाण्यातून दीड ग्रॅमही येत नव्हतं. 'जुन्या बायकांना सुपरफूड माहीत होतं' असं म्हणणं सोपं आहे, पण त्यात त्यांची उपासमार झाकली जाते.

मग ते पाणी निरुपयोगी का? अजिबात नाही. दह्याच्या आंबटपणामुळे कॅल्शियम सुटून पाण्यात उतरतं. अशा आंबट व्हेमध्ये 100 मिलिलिटरला सुमारे 100 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, जवळजवळ दुधाइतकं. पोटॅशियम असतं. तो हिरवट रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचा. आणि कॅलरी फक्त 25 च्या आसपास. दूध पचत नसेल तर मात्र जपून, लॅक्टोज यातही आहे.

वापरायचं कसं? चपातीची कणीक किंवा थालीपिठाचं पीठ यात भिजवा. बेसन लावून कढी करा, ताक कमी लागतं. भात शिजवताना निम्मं पाणी हे घाला. मीठ, जिरेपूड, कोथिंबीर घालून गार प्या. पनीर करत असाल तर कालचं आंबलेलं पाणी लिंबाऐवजी दूध फाडायला वापरा. फ्रिजमध्ये चार दिवस नीट टिकतं. कुंडीत ओतायचं तर भरपूर पाणी मिसळून, नाहीतर आंबटपणाने झाड वैतागेल.

परवा पुन्हा चक्का टांगला. पाण्याची मी कढी केली. आजीने एक घोट घेतला, "मीठ कमी आहे" म्हणाली आणि वाटी बाजूला सरकवली. मग मी श्रीखंड काढलं आणि पहिली वाटी तिच्यासमोर ठेवली. तिने सवयीने विचारलं, "बाकीच्यांचं झालं का?"

झालं नव्हतं. मी म्हटलं, "तू घे आधी."

तुमच्या घरी चक्का कुणाला आणि पाणी कुणाला मिळायचं? आजीला विचारा, आणि जमलं तर तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.