टेसामोरेलिन

टेसामोरेलिन हे वृद्धी संप्रेरकाच्या स्रवणास चालना देणारे कृत्रिम पेप्टाइड आहे. एचआयव्ही संसर्ग असलेल्या प्रौढांना लिपोडिस्ट्रॉफी (शरीरातील चरबीच्या वाटणीतील बिघाड) झाल्यास त्यांच्या पोटात साठलेली जादा चरबी कमी करण्यासाठी ते देतात. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील थेराटेक्नॉलॉजीज या कंपनीने ते विकसित केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १० नोव्हेंबर २०१० रोजी त्यास मंजुरी दिली. ‘एग्रिफ्टा’ हे त्याचे व्यापारी नाव असून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते.

रचना : मेंदूतील अधोथॅलॅमसात तयार होणारे वृद्धी संप्रेरक-मोचक संप्रेरक ही ४४ ॲमिनो अम्लांची साखळी असते. १९८२ मध्ये स्वादुपिंडाच्या अर्बुदांतून ते प्रथम वेगळे करण्यात आले. टेसामोरेलिनमध्ये हीच साखळी असून तिच्या आरंभीच्या टायरोसिनाला हेक्झेनॉइक अम्लाचा गट जोडलेला असतो. डायपेप्टिडिल पेप्टिडेज-४ हे एंझाइम नैसर्गिक संप्रेरक या टोकाकडून तोडून झटपट निष्क्रिय करते. जोडलेल्या गटामुळे टेसामोरेलिन या विघटनाला अधिक काळ दाद देत नाही.

कार्य : हे औषध पोष ग्रंथीतील विशिष्ट पेशींच्या ग्राहींना चिकटते. त्यामुळे त्या पेशी शरीराचेच वृद्धी संप्रेरक थांबून थांबून, स्पंदनांच्या स्वरूपात सोडतात. या संप्रेरकाच्या प्रभावाने चरबीच्या पेशींतील मेदाचे विघटन वाढते आणि यकृतात इन्शुलिनसदृश वृद्धी घटक-१ अधिक प्रमाणात तयार होतो. या घटकाची पातळी वाढली की संप्रेरकाच्या स्रवणावर आपोआप लगाम बसतो. वृद्धी संप्रेरक बाहेरून टोचल्यास हे नियंत्रण डावलले जाते. पोष ग्रंथी कार्यक्षम नसेल तर मात्र टेसामोरेलिनचा उपयोग होत नाही.

उपयोग व परिणाम : १९९० च्या दशकाच्या मध्यापासून एकत्रित विषाणुरोधी औषधोपचार सुरू झाले आणि एचआयव्हीबाधितांचे आयुर्मान वाढले. त्याचबरोबर अनेकांच्या चेहऱ्यावरील व हातापायांवरील चरबी झडू लागली, तर पोटातील अवयवांभोवती आणि मानेमागे ती साठू लागली. टेसामोरेलिनचा परिणाम मुख्यतः पोटातील खोल चरबीवर होतो. त्वचेखालच्या चरबीत फारसा फरक पडत नाही. २६ आठवड्यांच्या दोन मोठ्या चाचण्यांत सीटी स्कॅनने पोटातील खोल चरबीचे मापन करण्यात आले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत औषध घेणाऱ्या गटात ती सुमारे १५ टक्क्यांनी घटली, तर प्लासिबो गटात सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. ट्रायग्लिसराइडांची पातळीही खाली आली. औषध थांबवल्यावर मात्र चरबी पुन्हा साठते. एचआयव्हीबाधितांच्या यकृतातील चरबीही या औषधाने कमी होते, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले. दीर्घकाळात हृदयविकाराचा धोका कमी होतो, हे सिद्ध झालेले नाही.

मात्रा : मूळ स्वरूपात रोज २ मिग्रॅ. औषध पोटाच्या त्वचेखाली टोचत असत. भुकटी निर्जंतुक पाण्यात विरघळवून द्रावण तयार करावे लागते आणि टोचण्याची जागा रोज बदलावी लागते. नंतर आलेल्या अधिक संहत स्वरूपात रोजची मात्रा १.४ मिग्रॅ. झाली.

दुष्परिणाम व निषेध : सांधेदुखी, स्नायुदुखी, हातापायांना सूज आणि सुईच्या जागी लाली व खाज हे सामान्य दुष्परिणाम होत. रक्तातील साखर वाढून मधुमेह उद्भवू शकतो, म्हणून उपचारापूर्वी व उपचारादरम्यान साखर तपासतात. इन्शुलिनसदृश वृद्धी घटक-१ पेशींच्या वाढीस चालना देतो, त्यामुळे त्याच्या पातळीवरही लक्ष ठेवावे लागते. सक्रिय कर्करोग, गर्भावस्था, तसेच अर्बुद, शस्त्रक्रिया वा डोक्यावरील किरणोपचार यांमुळे बिघडलेले पोष ग्रंथीचे कार्य या स्थितींत हे औषध देत नाहीत.

टेसामोरेलिनने एकूण वजनात लक्षणीय घट होत नाही. वजन कमी करण्यासाठी त्यास मंजुरीही नाही. शरीरसौष्ठवासाठी त्याचा परस्पर वापर होत असला, तरी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ते खेळाडूंसाठी निषिद्ध पदार्थांच्या यादीत समाविष्ट केले आहे.