दिलेली जागा आणि असलेली जागा

आजचं व्याख्यान संगणकाच्या इतिहासातल्या एका गोड थापेविषयी आहे. तिचं नाव व्हर्च्युअल मशीन. संगणक एकच, पण त्यावर दहा-वीस संगणक असल्याचा भास निर्माण करायचा आणि प्रत्येकाला वाटू द्यायचं की हे यंत्र माझं एकट्याचं. ही थाप साठ वर्षं उत्तम चालली आहे. ती कुठे उघडी पडते, हे मात्र आम्हांला घरच्या एका बिघाडानं शिकवलं.

आमच्या घरी एका जुन्या संगणकावर चार व्हर्च्युअल मशीन चालतात. त्यांतल्या एकावर घरातले सगळे फोटो आहेत. एका सकाळी ते मशीन थिजलं. स्थिती दाखवत होती, 'आयओ एरर'. पुन्हा चालू केलं की मिनिटभर चालायचं आणि परत थांबायचं. आम्ही आधी डिस्कवर संशय घेतला, तर डिस्कची तपासणी स्वच्छ. मग रॅम तपासली, तीही ठीक. आत डोकावलं तर २०० जीबीपैकी निम्मी जागा मोकळी दिसत होती. मग अडलं कुठे?

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. अमेरिकेत केंब्रिजला आयबीएमचं एक संशोधन केंद्र होतं. तिथे रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० नावाची प्रणाली बांधली. १९६७ च्या सुरुवातीला ती वापरात आली. सिस्टम/३६० मालिकेतल्या, खास बदल केलेल्या एका मॉडेल ४० संगणकावर ती १४ व्हर्च्युअल मशीन चालवू शकत असे, आणि प्रत्येकाला २५६ किलोबाइट मेमरी दाखवत असे. आता हिशेब करा. १४ गुणिले २५६, म्हणजे ३५८४ किलोबाइट. आणि मॉडेल ४० ला मेमरी मिळायची ती जास्तीत जास्त २५६!

हे चालायचं, कारण सगळे जण सगळी मेमरी एकाच वेळी वापरत नाहीत. जे पान लगेच नको, ते डिस्कवर नेऊन ठेवायचं आणि लागलं की परत आणायचं. गर्दी झालीच तर काम मंदावायचं, पण चालू राहायचं.

डिस्कच्या बाबतीत मात्र ही मंडळी सावध होती बरं का. एका डिस्कचे तुकडे पाडून प्रत्येक मशीनला 'मिनीडिस्क' दिली जाई, आणि तो तुकडा खरोखर त्याच्या नावावर असे. मेमरीचं आश्वासन, डिस्कची मात्र खरी वाटणी. हा फरक लक्षात ठेवा. मेमरी कमी पडली तर तिच्या खाली डिस्क आहे. डिस्क कमी पडली तर तिच्या खाली काय आहे? काहीच नाही.

पुढे १९७२ मध्ये आयबीएमनं व्हीएम/३७० बाजारात आणलं. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी कोणत्या यंत्रावर ही थाप नीट वठेल याचे नियम मांडले. घरोघरच्या पीसीतला इंटेलच्या घराण्यातला प्रोसेसर त्या नियमांत बसत नव्हता. व्हीएमवेअरनं १९९९ मध्ये सॉफ्टवेअरच्या युक्तीनं ती अडचण ओलांडली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही प्रोसेसरमध्येच तशी सोय केली. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात दाखल झालं आणि २००८ मध्ये प्रॉक्समॉक्सची पहिली आवृत्ती आली. जे मोठ्या संस्थांच्या संगणक-कक्षात होतं, ते आपल्या माळ्यावरच्या जुन्या पीसीत आलं.

याच काळात जुनी सावधगिरी सुटली. डिस्कचंही नुसतं आश्वासन द्यायची पद्धत रूढ झाली. तिला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. २०१२ च्या सुरुवातीला आलेल्या लिनक्स ३.२ मध्ये ती सोय होती. मशीनला २०० जीबी 'दाखवायची', पण खरी जागा जसजसं लिहिलं जाईल तसतशी द्यायची.

आमचा बिघाड इथेच होता. डिस्क ५०० जीबीची आणि आम्ही चौघांना प्रत्येकी २०० दिलेली. त्यात भर जुन्या स्नॅपशॉटची. स्नॅपशॉट जुना मजकूर धरून ठेवतो, त्यामुळे नवीन लिहायला दुसरी जागा लागते. शिवाय मशीनच्या आत फाइल पुसली, तरी खाली कळवल्याशिवाय ती जागा सुटत नाही. आतल्या प्रणालीला निम्मी डिस्क मोकळी दिसत होती आणि खालचा साठा शंभर टक्के भरला होता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? अर्धवट लिहिलं जाऊन फाइल बिघडू नयेत, म्हणून व्यवस्थेनं मशीनच थांबवलं होतं. आणि आम्ही ते पुन्हा पुन्हा रेटत होतो!

खरी धडकी पुढे भरली. बॅकअपची जागाही आम्ही त्याच डिस्कवर काढली होती. घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

मग घाई सोडली. साठा भरला तरी वाचता येतं, म्हणून आधी बाहेरची डिस्क जोडून फोटोंच्या मशीनची प्रत काढली. इतर मशीनचे जुने स्नॅपशॉट पुसले. जागा झाल्यावर मशीन चालू केलं, ते सुरळीत उठलं. मग डिस्कच्या सेटिंगमध्ये 'डिस्कार्ड' चालू केलं आणि आत 'एफएसट्रिम' चालवलं, तेव्हा पुसलेली जागा खऱ्या अर्थानं परत आली. फोटो वाचले. आता बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जातात, आणि साठा ८० टक्के भरला की आम्हांला निरोप येतो.

तेव्हा मंडळी, व्हर्च्युअल मशीन अडलं तर त्याला आतून विचारू नका. त्याला जे दाखवलंय तेच ते सांगणार. एक पायरी खाली उतरा आणि खरा साठा बघा. केंब्रिजच्या त्या मंडळींनी डिस्क खरोखर वाटून दिली होती, आपण ती शब्दावर देतो. शब्द द्यायला हरकत नाही, पण आडातलं पाणी रोज मोजायला हवं.

आता प्रश्न घेऊ.