शुक्रवार, दुपारचे पावणेतीन

८ डिसेंबर २०२३ ला माझी लेक पाच वर्षांची झाली. त्याच दिवशी दुपारी पावणेतीनच्या सुमारास पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात, ज्योतिबानगर भागात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या स्पार्कल कँडल बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. आमचं घर सावेडीत. आमच्या शहराचं नाव तेव्हा अजून अहमदनगर होतं. तळवडं इथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तो दिवस मी नंतर कितीतरी वेळा तासातासानं आठवून पाहिला. तसाच इथे लिहिते आहे.

सकाळी ६.३०

सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून कणकेचे दिवे करत होत्या. आमच्याकडे वाढदिवसाला औक्षण आधी, मग केक. जितकी वर्षं तितके दिवे. कणीक घट्ट भिजवायची, चिमूटभर हळद घालायची, पाणी जास्त झालं की दिवा बसतो. त्या अंगठ्यानं खळगा पाडत होत्या आणि लेक शेजारी स्टुलावर उभी राहून मोजत होती. पाचव्या दिव्याला तिनं स्वतः अंगठा लावला. तो जरा वाकडा झाला, पण सासूबाईंनी तो तसाच राहू दिला.

पावणेतीनला सव्वाआठ तास होते.

सकाळी ८.००

मी वही काढली. तेवीस कामांची यादी होती. लहान मुलांचा वाढदिवस नीट पार पाडायचा तर तो कागदावर आधी पार पडावा लागतो, असं मला मनापासून वाटतं. आदल्या वर्षी पंचवीस मुलं बोलावली होती. निम्मी रडली आणि लेक माझ्या कडेवरून उतरलीच नाही. म्हणून यंदा सातच मुलं, आणि वेळ संध्याकाळी पाच ते सात. पाच वर्षांच्या मुलाची दुपारची झोप झालेली असते आणि रात्रीचं जेवण अजून लांब असतं, तेवढेच दोन तास त्याच्या आनंदाचे. त्यापुढे ताणलं की किरकिर सुरू होते आणि घरी जाताना प्रत्येक मूल रडवेलं जातं.

खायला चुरमुऱ्यांची ओली भेळ, पण अख्खे शेंगदाणे वगळून. सात मुलांबरोबर त्यांची धाकटी भावंडं येतात आणि तीन वर्षांच्या पोराच्या घशात शेंगदाणा अडकायला क्षण लागत नाही. फुगे पंपानं फुगवलेले. गॅसच्या फुग्यांना मी आधीच नाही म्हटलं होतं, कारण रस्त्यावरच्या सिलिंडरमध्ये बऱ्याचदा हायड्रोजन असतो, आणि निरांजनाजवळ हायड्रोजनचा फुगा म्हणजे घरात आगीचा गोळा. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलायचं काम पुतण्याला दिलं होतं. फोम उडवायच्या स्प्रेवर तर फुलीच. त्यात दाबानं भरलेला वायू पेट घेणारा असतो, आणि आपण तो नेमका जळत्या मेणबत्तीसमोर, मुलाच्या तोंडावर उडवतो. गच्चीचं आणि पुढचं अशी दोन्ही दारं उघडी ठेवायची, चपला जिन्यात नकोत, हेही लिहिलं होतं. मुंबईत कमला मिल्सच्या गच्चीवर २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री चौदा जण गेले. तिथेही एक वाढदिवस चालला होता, आणि बरेच जण धुरात गुदमरले. ती बातमी वाचल्यापासून कुठल्याही समारंभात मी पहिल्यांदा बाहेर पडायची वाट बघते.

तेवीस ओळी लिहिताना मला वाटत होतं, काही सुटलं नाही.

सकाळी १०.४०

केक आणायला मी आणि हे गेलो. अर्ध्या किलोचा साधा केक, वर लेकीचं नाव. दुकानातल्या मुलानं खोका बांधला, प्लॅस्टिकची सुरी ठेवली, आणि न विचारता वर दोन स्पार्कल कँडल टाकल्या. पैसे वेगळे नाहीत. केकबरोबर येतातच. आम्ही त्या घेतल्या. माझ्या यादीत त्या नव्हत्या. ज्याचे पैसे द्यायचे नव्हते आणि जे ठरवायचं नव्हतं, ते यादीत येणार कसं?

दुपारी १२.१५

नणंद माळीवाड्याला उतरली. ती रुपीनगरला राहते, तळवड्याला लागूनच. सकाळी निगडीहून बसनं निघाली होती. रिक्षातून उतरताच लेकीला उचलून म्हणाली, "केवढी झालीस गं! आत्याला विसरली नाहीस ना?" हातात तिळाच्या लाडवांचा डबा आणि परकर-पोलक्याचं कापड.

दुपारी १.४५

जेवणं झाली. लेक झोपली. एक तास उरला होता, आणि मला त्या तासाचं काहीच माहीत नव्हतं.

मी केकचा खोका फ्रीजमध्ये सरकवताना त्या दोन कँडल बाहेर काढून ठेवल्या. हातात आल्या म्हणून बघितल्या. करंगळीएवढी पुठ्ठ्याची नळी, तिच्यावर चकचकीत रुपेरी कागद, खाली केकमध्ये खोचायला प्लॅस्टिकचा काटा, वर सुतळीसारखी छोटी वात. कागदाची कड जिथे चिकटवली होती तिथे डिंक जरा बाहेर आला होता, आणि त्या वाळलेल्या डिंकात अंगठ्याचा ठसा होता. अगदी स्पष्ट, रेघा मोजता येतील असा. बारीक अंगठा. बाईचाच असावा असं वाटलं. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, परवाना क्रमांक नव्हता. होतं ते फक्त रंगीत अक्षरांत हॅपी बर्थडे.

मला सकाळचा वाकडा दिवा आठवला, एवढंच. कँडल ओट्यावर ठेवून मी चुरमुरे चाळायला घेतले.

दुपारी २.४५

सासूबाई चहा टाकत होत्या. नणंद फुगे फुगवत होती. तळवड्यात अग्निशमन दलाला याच सुमारास खबर गेली.

नळीतला मसाला, ज्यातून त्या ठिणग्यांचं कारंजं निघतं, तो दारूकामाचाच प्रकार आहे. केकवर तो चिमूटभर असतो आणि काही सेकंदांत संपतो. कारखान्यात त्याचा साठा असतो, शेजारी पुठ्ठा, कागद, प्लॅस्टिक असतं, आणि मधे माणसं बसलेली असतात. असा मसाला पेटला की साध्या आगीसारखा धुमसत नाही, एकदम भडकतो. पळायला वेळ मिळत नाही. तिथे काम करणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या.

दुपारी ४.१०

बातमी टीव्हीवर आली. खालच्या पट्टीत आधी "तळवडे" दिसलं आणि नणंदेच्या हातातला फुगा सुटून घरभर फिरला. तिनं शेजारणीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लागला. शेजारीण घरीच होती, सुखरूप. नणंद खाली बसली आणि मग बोलली, "अगं, आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळी डबा घेऊन असल्या शेडमध्ये जातात. पॅकिंगला. शिक्षण लागत नाही, घराजवळ काम, पोरं शाळेतून यायच्या आत घरी. कोण नाही म्हणेल?"

मग तिची नजर ओट्यावर गेली. माझीही.

आगीची बातमी नगरकराच्या पोटात वेगळा खड्डा पाडते. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून कोविडचे अकरा रुग्ण गेले. त्या सकाळी मी ओवाळणीचं ताट घेऊन भावाकडे निघाले होते आणि गल्लीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. त्यानंतर शहरात अग्निसुरक्षेच्या तपासणीबद्दल बरंच बोललं गेलं. आपण इमारती तपासतो, वायरी तपासतो. घरात हातानं आणलेली वस्तू कुठून आली हे तपासत नाही.

संध्याकाळी ४.५०

पाहुणी मुलं यायला दहा मिनिटं होती. हे म्हणाले, "समारंभ रद्द करायचा का?" सासूबाई म्हणाल्या, "पोरीचा काय दोष? दिवे लावू. पण ते नको." त्यांनी "ते" म्हणताना बोटसुद्धा दाखवलं नाही.

मी बादलीत पाणी घेतलं आणि दोन्ही कँडल त्यात बुडवल्या. रुपेरी कागद सुटला. नळीचा पुठ्ठा फुगला. डिंक विरघळला. त्या ठशाकडे मला आणखी एकदा बघायचं होतं, पण तो तेवढ्यात गेला होता.

संध्याकाळी ५.०० ते ७.००

या दोन तासांबद्दल फार सांगण्यासारखं नाही आणि तेच चांगलं. संगीत खुर्ची झाली, डोळ्यांवर पट्टी बांधून हत्तीला शेपूट लावून झालं. शेजारचा एक मुलगा हरल्यावर कोपऱ्यात जाऊन बसला, त्याला गाणं लावायचं काम दिलं तसा तो खूश झाला. लेकीला पाटावर बसवलं. पाच दिवे ताटात लागले, वाकडाही लागला. नणंदेनं सुपारी आणि अंगठी तिच्या भोवती ओवाळली. मुलं एकदम गप्प झाली. आमच्याकडे एरवी केकवर कारंजं सुरू झालं की मुलं मागे सरकायची, कान झाकायची. या वेळी ती पुढे आली होती. दिव्यांचा उजेड सगळ्यांच्या हनुवटीवर पडला होता.

एकानं विचारलं, "काकू, अनार नाही का केकवर?" मी म्हटलं, "आज नाही." त्याला तेवढं पुरलं. त्याचं लक्ष केकवरच्या चेरीकडे होतं.

रात्री ९.३०

सहा बायका गेल्याचं बातमीत सांगितलं. जखमींमधल्या अनेकांची अवस्था गंभीर होती. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मृतांच्या कुटुंबांना पाच लाखांची मदत जाहीर केली. फटाक्याचा मसाला हाताळण्याला १८८४ चा स्फोटके कायदा लागू होतो, आणि त्याचे परवाने केंद्रीय संघटना देते. तळवड्यातला कारखाना आवश्यक परवानग्यांशिवाय चालत होता. पुढच्या दिवसांत भाजलेल्यांपैकी आणखी काही जण दगावले आणि मृतांचा आकडा दहाच्या पुढे गेला.

त्या रात्री नणंद झोपली नाही. पहाटे तिनं मला विचारलं, "त्या बायकांच्या घरीही कुणाचा वाढदिवस असेल का गं या महिन्यात?" मला उत्तर देता आलं नाही.

नंतर

मी गुन्हेगार शोधायला बसलेले नाही. ते पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम आहे, आणि ते झालंच पाहिजे. पण ही वस्तू बनते, कारण ती खपते. ती खपते, कारण केकबरोबर फुकट मिळते आणि आपण ती परत करत नाही. जिथे बनते तिथे ती जीव घेते, आणि जिथे पेटवली जाते तिथेही ती निर्धोक नाही. ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात २७ जानेवारी २०१३ ला एका क्लबमध्ये मंचावर असलंच ठिणग्यांचं नळकांडं पेटवलं. छताच्या फोमनं पेट घेतला आणि २४२ जण गेले. आपल्या भाड्याच्या हॉलमध्ये कागदी पताका, थर्माकोल, सॅटिनचे पडदे आणि फुग्यांची कमान असते, आणि बरोबर मधोमध, मुलाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, ती कँडल.

माझ्या वहीत आता चोवीस ओळी आहेत. चोविसावी अशी आहे: "केकवाल्याला आधीच सांगणे, स्पार्कल नको." गेल्या दोन वाढदिवसांना सांगितलं. पहिल्या वेळी दुकानातला मुलगा म्हणाला, "फ्री आहे ताई." मी म्हटलं, "माहीत आहे. तरी नको." त्यानं खोक्यातून काढून ती परत डब्यात टाकली. मागे उभ्या असलेल्या बाईंनी का नको म्हणून विचारलं, तर मी तळवड्याचं सांगितलं. त्यांनीही त्यांच्या खोक्यातली काढून दिली.

तुमच्या घरी येत्या महिन्यात कुणाचा वाढदिवस असेल, तर यादीत ही ओळ लिहा. आणि केक घेताना हे तोंडानं, ऐकू जाईल असं सांगा.